होडी द्या, वल्हं देऊ नका

रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रपटगृहांत आला आणि मालेगावात गावातल्याच माणसांना घेऊन सिनेमे बनवणाऱ्या नासिर शेख यांची गोष्ट घरोघरी पोचली. ती इथे पुन्हा सांगायची गरज नाही. त्या गोष्टीतला एक धागा मात्र तसाच राहून गेला. पडद्यावर दिसणाऱ्या आणि पडद्यामागे राबणाऱ्या वस्तू कुणाच्या होत्या?

'मालेगाव के शोले'मध्ये डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात (२००८) सायकलीची ट्रॉली होते आणि बैलगाडीची क्रेन. ही सामग्री भाड्याच्या गोदामातून आलेली नाही, ती गावातली आहे. धुळे, जळगाव, मालेगाव या पट्ट्यात आजही विनोदी चित्रफिती आणि लघुपट बनतात, तेव्हा ट्रॅक्टर, मळा, ओटा, दुकान सगळं ओळखीतून मिळतं. 'लई जा, भाऊ' एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. या दिलदारीवरच इथला सिनेमा उभा राहिला आणि तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे.

पण त्याच माहितीपटात कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळं चित्रीकरण अडून बसतं. पाणी आलं की उधारीच्या सिनेमाचा हिशेब बदलतो, तो इथे.

खान्देशात पाण्याकाठच्या जागांना तोटा नाही. तापीवर भुसावळजवळ हतनूर धरण, त्याच्या फुगवट्याच्या बाजूला चांगदेवचा तापी-पूर्णा संगम, धुळे जिल्ह्यात मुडावदला तापी-पांझरेचा संगम आणि कपिलेश्वराचं मंदिर. कॅमेऱ्याला मोह पडावा अशाच या जागा. संध्याकाळचं पाणी, मागे देवळाचं शिखर आणि मध्ये एक होडी, एवढी चौकट कुठल्याही नवख्या दिग्दर्शकाला सुचते. मग तो काठावरच्या भोयाच्या किंवा कोळ्याच्या दारात जातो. ती होडी त्या घराची असते. बापानं घेतलेली, मुलानं डांबर लावून टिकवलेली आणि सकाळी जाळं टाकायला लागणारी.

सायकल मोडली तर दुपारपर्यंत दुरुस्त होते. होडीचं तसं नाही. लाकडी होडी पाण्याबाहेर काढून चार-सहा दिवस उन्हात ठेवली की फळ्या सुकतात, आकसतात आणि सांधे उघडे पडतात. पुन्हा पाण्यात सोडली की तिच्यात पाणी शिरतं. कलादिग्दर्शकाला हे माहीत नसतं. त्याला होडी जुनी दिसायला हवी असते, म्हणून तो रंग खरवडतो. कॅमेरा घट्ट बसावा म्हणून कुणी फळीला भोक पाडतं. शिवाय पहिल्या दिवशी दिसलेली होडी शेवटच्या दिवशीही हुबेहूब तशीच दिसायला हवी, म्हणून चित्रीकरण संपेपर्यंत मासेमारीला हात लावता येत नाही. तेवढ्या दिवसांची कमाई कुणी धरलेली नसते. चहा-नाश्ता आणि सेटवरचा एक फोटो एवढ्यावर भागवलं जातं, हे अन्यायाचंच आहे.

वजनाची गोष्ट याहून गंभीर. मासेमारीच्या होडीत माणसं बसलेली असतात, जाळं तळाशी असतं, भार खाली राहतो. चित्रीकरणात कॅमेरामन उभा, त्याला धरणारा उभा, रिफ्लेक्टरवाला उभा आणि नायक एका कडेला झुकलेला. भार वर सरकतो आणि एका बाजूला जातो. होडी उलटायला लाट लागतेच असं नाही.

हे भीती घालण्यासाठी सांगितलेलं नाही. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी बंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात 'मास्ती गुडी' या कन्नड चित्रपटाच्या चित्रीकरणात हेलिकॉप्टरमधून उड्या मारलेल्या तिघांपैकी दोन कलाकार बुडाले. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये साताऱ्याजवळ संगम माहुली इथे 'राजा शिवाजी'च्या पथकातला एक तरुण नर्तक कृष्णेत वाहून गेला. तो तर चित्रीकरण आटोपून हातपाय धुवायला नदीत उतरला होता. मोठ्या पैशांच्या चित्रपटांची ही कथा. मग उसन्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या चित्रीकरणात काठावर पट्टीचा पोहणारा उभा आहे का, हे कोण विचारणार?

उलट बाजूचं एक मोठं उदाहरण केरळचं आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळे यांच्या कादंबरीवरून रामू कारिआट यांनी 'चेम्मीन' केला, तेव्हा नाट्टिका किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपली घरं, कपडे आणि होड्या चित्रीकरणाला दिल्या. १९६५ सालचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं, दक्षिणेतल्या चित्रपटाला पहिल्यांदाच. त्या चित्रपटातला समुद्र खरा वाटतो, याचं निम्मं श्रेय त्या होड्यांना द्यायला हवं. उसनी वस्तू पडद्यावर किती बळ आणते, याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको. म्हणून होडी देऊच नये, असं कुणी सुचवत असेल तर ते चूक आहे.

द्यावी, पण कागद करून. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, इकडे तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं. जलाशयातली मासेमारी बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असते, तेव्हा संस्थेलाही विचारावं लागतं. पोलिसांना कळवणं आलंच. ही परवानगी काढायची जबाबदारी चित्रपटवाल्यांची, होडीवाल्याची नव्हे, हे पहिल्याच ओळीत लिहून घ्यावं. मासेमारीची होडी प्रवासी वाहतुकीसाठी नसते, म्हणून किती माणसं चढणार तो आकडा कागदावर हवा. बुडीत दिवसांची रक्कम आगाऊ, रंग किंवा खिळा मारण्याआधी मालकाची संमती, दुरुस्तीचा खर्च आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट. सगळं एका पानात बसतं. वकील नसला तरी चालेल, दोन साक्षीदार मात्र हवेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे वल्हं मालकाच्याच हातात राहील. वारा फिरला, पाणी चढलं, धरणाचे दरवाजे उघडणार असल्याचा निरोप आला की होडी काठाला लावायचा अधिकार त्याचा. दिग्दर्शकानं 'आणखी एकच टेक' म्हटलं तरी. हतनूरचे दरवाजे पावसाळ्यात उघडतात तेव्हा तापीचं पाणी किती लवकर अंगावर येतं, हे काठावरच्या माणसाला दिग्दर्शकापेक्षा नक्कीच जास्त कळतं. त्याला सेटवर मदतनीस समजू नये. पाण्यावरचा तंत्रज्ञ तोच आहे, त्याला त्या दिवसाचा तंत्रज्ञाचा मेहनताना मिळावा आणि श्रेयनामावलीत छायाचित्रकाराच्या खाली त्याच्या घराचं नाव यावं. मालेगावच्या पोरांवर मुंबईनं सिनेमा काढला. ज्यांच्या सायकली आणि बैलगाड्या त्या पोरांच्या सिनेमांत राबल्या, त्यांची नावं लिहायला खान्देशातल्या पुढच्या दिग्दर्शकानं मुंबईची वाट पाहू नये.