डायलिसिसचे रुग्ण आणि ‘ऊर्जा’ उपचार

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचे नातेवाईक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. “डॉक्टर, डायलिसिस चालूच आहे, पण त्याच्या जोडीला रेकी घेतली तर चालेल का? अ‍ॅक्युप्रेशर केले तर?” विचारताना आवाज थोडा दबलेला असतो. डॉक्टर रागावतील अशी भीती असते. रागावण्याचे काही कारण नाही. मात्र उत्तर नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर पाहू.

हा प्रश्न का पडतो ते आधी समजून घेऊ. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात. डायलिसिसचे यंत्र तेच काम आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तासांत उरकते. साहजिकच काम अर्धवट राहते. जीव वाचतो, पण तक्रारी उरतात. डायलिसिस करून घरी आल्यावर अंगातले त्राण गेल्यासारखे होते. रात्री पाय वळवळतात, झोप लागत नाही. पोटऱ्यांत गोळे येतात. खाजेची तर गोष्टच वेगळी! अंगावर पुरळ नसते, काही नसते, तरी रुग्ण रात्रभर पाठ खाजवत बसतो आणि घरचे वैतागतात. शिवाय दर खेपेला दोन जाड सुया, ठरलेले वार, मोजून पाणी आणि खर्चाची काळजी. अशा माणसाला कोणी प्रेमाने डोक्यावर हात ठेवून ‘बरे वाटेल’ म्हटले, तर त्याला ते हवेसे वाटणारच.

रेकी ही पद्धत जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास सुरू केली. नव्वदच्या दशकात तिची शिबिरे आपल्याकडेही बरीच भरत. पहिली पदवी, दुसरी पदवी, मग ‘मास्टर’ अशा पायऱ्या अनेकांच्या परिचयाच्या असतील. विश्वातील प्राणशक्ती उपचार करणाऱ्याच्या तळहातांतून रुग्णाच्या शरीरात उतरते, अशी त्यामागची कल्पना. अमेरिकेत डोलोरेस क्रीगर आणि डोरा कुंझ यांनी १९७० च्या दशकात ‘थेराप्युटिक टच’ नावाची अशीच एक पद्धत परिचारिकांना शिकवायला सुरुवात केली. नावात स्पर्श असला तरी हात अंगापासून काही इंच वरून फिरवायचे, आणि तिथल्या ‘ऊर्जाक्षेत्रा’तील बिघाड हाताला जाणवतो असे मानायचे.

तो खरोखर जाणवतो का? याची परीक्षा एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या अमेरिकन मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी घेतली. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा उभा केला आणि उपचारकांना दोन्ही हात पडद्याच्या भोकांतून पुढे करायला सांगितले. मग नाणे उडवून ती त्यांच्या एका हातावर आपला हात धरी आणि विचारी, “कोणत्या हातावर आहे?” २१ उपचारकांनी २८० वेळा उत्तर दिले. त्यांपैकी १२३ वेळा ते बरोबर आले, म्हणजे शेकडा ४४. डोळे मिटून अंदाजाने सांगितले असते तरी शेकडा पन्नास बरोबर आली असती. हा प्रयोग १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. ज्या ऊर्जाक्षेत्रावर हा सारा डोलारा उभा आहे, ते आजपर्यंत कोणत्याही उपकरणाने मोजता आलेले नाही.

मग रुग्णांना बरे वाटते ते काय खोटे? तसे मुळीच नाही. शांत पडून राहणे, कोणीतरी अर्धा तास पूर्ण लक्ष देणे, आश्वासक स्पर्श, सावकाश श्वास यांनी मन निवते. स्नायू सैल पडतात आणि दुखणे कमी जाणवते. तैवानमध्ये २००३-०४ च्या सुमारास डायलिसिसच्या रुग्णांवर अ‍ॅक्युप्रेशरचे प्रयोग झाले. विषय होता थकवा आणि झोप. नेमक्या बिंदूंवर दाबलेल्या गटाला आराम पडला. पण मुद्दाम बिंदू चुकवून दाबलेल्या गटालाही काही प्रमाणात आराम पडला, आणि या दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे गुण बिंदूपेक्षा दाबणाऱ्या हाताचा असावा, असे मला वाटते. अ‍ॅक्युपंक्चर, अ‍ॅक्युप्रेशर अशा उपचारांवरील सर्व प्रयोग एकत्र तपासून कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये अहवाल दिला. त्यात मूत्रपिंडाच्या रुग्णांबाबतचा पुरावा फारच कच्चा असल्याचे म्हटले आहे. इटलीतील मूत्रपिंडतज्ज्ञांनी तर २०१३ मध्ये, डायलिसिस कक्षात रेकीला येऊ द्यावे की मज्जाव करावा, यावर एक लेखच लिहिला. प्रश्न फक्त आपल्याच घरातला नाही, हे यावरून दिसेल.

माझे मत असे : रेकीने मन शांत होत असेल तर खुशाल घ्यावी. तिच्यापासून थेट अपाय होत नाही. अपाय होतो तो तिच्याबरोबर येणाऱ्या सल्ल्यांमुळे.

यांतला सर्वांत घातक सल्ला म्हणजे, “आता किडनी चार्ज झाली आहे, एखादे डायलिसिस सोडून बघा.” रक्तातील पोटॅशियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ते साठले तर हृदयाचे ठोके अचानक बिघडतात आणि आधी काही दुखले-खुपले नसतानाही माणूस जाऊ शकतो. आठवड्यात तीन डायलिसिस घेणाऱ्यांमध्येही दोन दिवसांच्या सुट्टीनंतरचा दिवस सर्वाधिक धोक्याचा ठरतो, असे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत २०११ मध्ये आढळले. मग एक खेप बुडवली तर काय होईल, ते सांगायला नको. बरे वाटणे आणि रक्त शुद्ध होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा सल्ला ‘शक्ती येण्यासाठी’ शहाळे, फळांचे रस, नोनीचा रस, काढे किंवा भस्मे घेण्याचा. शहाळ्यात आणि नोनीत पोटॅशियम भरपूर असते. कमरख हे आंबटगोड फळ तर या रुग्णांनी तोंडातही घालू नये, त्यातील विषारी द्रव्य मेंदूपर्यंत जाते. बाजारातील ‘कमी सोडियमच्या’ मिठातही बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. पुडी वाचल्याशिवाय घेऊ नका.

शिवाय तक्रारींमागे बहुतेक वेळा शोधता येणारे कारण असते. ते न शोधता हात फिरवत बसणे बरे नव्हे. थकवा असेल तर हिमोग्लोबिन पाहावे. एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन आणि लोह यांनी बराच फरक पडतो. पाय वळवळत असतील तर लोहाची कमतरता आहे का ते तपासून घ्यावे. गोळे येतात ते बहुधा थोड्या वेळात फार पाणी काढावे लागल्यामुळे. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढते ते घरी वहीत टिपून ठेवा. लोणचे, पापड, फरसाण कमी केले की तहान कमी होते, पाणी कमी प्यायले जाते आणि गोळेही कमी येतात. खाजेसाठी डायलिसिस पुरेसे होते आहे का आणि फॉस्फरस किती आहे हे पाहायचे, आणि कातडी कोरडी पडू द्यायची नाही. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावावे. गॅबापेन्टिनसारखी औषधेही उपयोगी पडतात, पण या रुग्णांत त्यांची मात्रा अगदी थोडी लागते. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये.

हे सारे पाहून झाल्यावर अ‍ॅक्युप्रेशर करायचेच असेल तर काही पथ्ये पाळा. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, त्यामुळे त्या दिवशी जोराने दाबल्यास काळेनिळे डाग पडतात. जत्रेत मिळणारे काटेरी लाकडी रोलर मधुमेही रुग्णांनी वापरू नयेत. तळव्यांची संवेदना गेलेली असते, जखम झाली तरी कळत नाही. सुया टोचण्याचे उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. उपचार करणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा की औषध, आहार आणि डायलिसिस यांबद्दल तुम्ही काही बोलायचे नाही. तो ऐकत नसेल, किंवा हजारो रुपयांचे ‘पॅकेज’ पुढे करत असेल, तर त्याला नमस्कार करा.

आणि फिस्टुला असलेल्या हाताला कोणालाही, कितीही हलक्या हाताने, चोळू किंवा दाबू देऊ नका. त्या हाताचे रक्तदाब मोजायचे नाही आणि त्याच्यावर निजायचेही नाही. रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटे फिस्टुलावर ठेवून आतली घरघर जाणवते का ते पाहा. ती थांबलेली वाटली, तर पुढच्या खेपेची वाट न पाहता त्याच दिवशी डायलिसिस केंद्र गाठा.