निनांवी जीव

'फ्रँकेन्स्टाइन' हें नांव ऐकतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें बोलपटांतला, मानेंत खिळे ठोकलेला राक्षस उभा राहतो. वास्तविक हें नांव राक्षसाचें नव्हेच. त्याला घडविणाऱ्या व्हिक्टर नामक तरुणाचें तें आडनांव आहे. त्या जिवाला ग्रंथभर नांवच नाहीं, आणि आमच्या मतें या कादंबरीचें मर्म त्यांतच आहे.

मेरी शेलेनें ही कथा १८१६ च्या उन्हाळ्यांत जिनीव्हा सरोवराच्या कांठीं आरंभिली. आदल्या वर्षींच्या तांबोरा ज्वालामुखीच्या स्फोटामुळें त्या वर्षीं युरोपांत उन्हाळा असा पडलाच नाहीं. पावसानें घरांत कोंडलेल्या मंडळींपैकीं प्रत्येकानें एकेक भुताची गोष्ट लिहावी, अशी टूम कवि बायरननें काढली. मेरी तेव्हां अवघी १८ वर्षांची होती. ग्रंथ १८१८ च्या जानेवारींत लंडनला प्रसिद्ध झाला, तोहि लेखिकेच्या नांवावांचून.

परमेश्वराच्या कामांत मानवानें हात घालूं नये, असें याचें तात्पर्य सांगण्याचा परिपाठ आहे. आम्हांस तें पटत नाहीं. व्हिक्टर प्रेतांचे अवयव जुळवून त्यांत प्राण ओततो. पण त्या जिवानें डोळे उघडतांच किळसून पळ काढतो. पाप घडतें तें येथें. जन्म दिला, पण पदरांत घेतलें नाहीं.

रानोमाळ भटकतां भटकतां तो जीव एका खोपटांत लपतो, आणि भिंतीच्या फटींतून शेजारच्या डे लेसी कुटुंबाचा संसार न्याहाळूं लागतो. आंधळा म्हातारा, त्याचा मुलगा आणि मुलगी. प्रथम तो त्यांचें अन्न चोरतो. पण त्यांचें दारिद्र्य ध्यानांत येतांच स्वतः रानांतल्या कंदमुळांवर भागवितो, आणि रात्रीं गुपचूप त्यांच्यासाठीं सरपण आणून ठेवतो. त्यांचें बोलणें ऐकूनच तो भाषा शिकतो. एके दिवशीं धीर करून तो म्हाताऱ्यापुढें जाऊन बसतो. म्हाताऱ्याला त्याचें रूप दिसत नाहीं, म्हणून तो मायेनें बोलतो. इतक्यांत मुलें परततात, आणि मुलगा त्याला काठीनें झोडपून काढतो! पोरकेपणाचें इतकें जिव्हारीं लागणारें चित्र आम्हीं क्वचितच वाचलें आहे. नंतरचे खून भयंकर आहेत खरे, परंतु त्यांचें मूळ या दाराशीं आहे. (व्हिक्टरचे विलाप मात्र फार लांबले आहेत.) १९३१ च्या बोलपटानें त्या जिवाच्या कवटींत गुन्हेगाराचा मेंदू बसविला, आणि मूळ कथेंतील सारा दोष कर्त्याकडून कृतीकडे ढकलला.

हें पोरकेपण लेखिकेच्या ओळखीचें होतें. स्त्रियांच्या हक्कांसाठीं लेखणी झिजविणारी तिची आई, मेरी वुल्स्टनक्राफ्ट, तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत प्रसूतीच्या तापानें वारली. १८१५ त मेरीची स्वतःची पहिली मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मून गेली. तें मूल नुसतें गारठलें होतें, विस्तवाजवळ चोळतांच जिवंत झालें, असें स्वप्न पडल्याची नोंद तिच्या रोजनिशींत आहे.

कथेच्या शेवटीं उत्तर ध्रुवाकडील बर्फांतून सुटून परतीला लागलेल्या जहाजावर तो जीव व्हिक्टरच्या प्रेतावर वांकून शोक करतो. जहाजाचा प्रमुख वॉल्टन त्याची कहाणी ऐकून घेतो खरा. पण प्रथम तें तोंड दिसतांच तोहि डोळे मिटून घेतो.