रात्रपाळीची सही

संध्याकाळी ७.३०

मुंबईत सहार विमानतळाच्या गेटवर पास दाखवून आत शिरलं की आधी दारूच्या चाचणीसाठी नळीत फुंकायचं. मशीनवर शून्य आलं की हजेरी. मग दिवसपाळीकडून चार्ज घ्यायचा: कुठल्या बेवर कुठलं विमान उभं आहे, कशाचं काम अर्धवट राहिलंय, कुठला पार्ट स्टोअरमधून यायचाय. जुलैचा पाऊस लागलाय, म्हणजे आजची रात्र रेनकोटात.

मी एअर इंडियाच्या विमानांवर काम करणारा मेंटेनन्स इंजिनिअर. हजेरीनंतर माझा पहिला हात अवजारांच्या पेटीला लागतो. आत फोममध्ये प्रत्येक पान्याचा, प्रत्येक स्क्रूड्रायव्हरचा आकार कोरलेला असतो. एखादी जागा रिकामी दिसली की ते अवजार सापडेपर्यंत त्या विमानाला सोडत नाहीत. नव्या पोरांना हे जाचक वाटतं. पण इंजिनाच्या तोंडाशी विसरलेला छोटा पाना काय करू शकतो, हे एकदा समजावून सांगितलं की पुढे तेच मला पेटी उघडून दाखवतात, "सर, बघून घ्या, सगळं आहे."

रात्री ८.३०

या वेळेला पश्चिमेकडे उडणारं विमान दिसलं की मी ते ढगात शिरेपर्यंत बघतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री साधारण याच सुमाराला 'एम्परर अशोक' इथून दुबईला निघालं होतं. १९७१ साली आलेलं ते एअर इंडियाचं पहिलं जम्बो. उड्डाणानंतर दोनेक मिनिटांत ते वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं आणि २१३ माणसं गेली. कॅप्टनसमोरचं क्षितिज दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेलं दाखवत राहिलं, आणि कॅप्टन सावरायला म्हणून डावीकडे वळवत गेला. बाहेर काळोख होता. आभाळ कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं, हे कळायला खाली एक दिवा नव्हता.

आमच्या तपासण्यांची यादी लांबलचक आहे. ती कुणी हौसेने लांबवलेली नाही. तिच्यातल्या ओळी अशा एकेका रात्रीनंतर वाढत गेल्या आहेत.

रात्री १०.१०

आमचं बोइंग ७७७ बेवर येतं. चाकांना चॉक लागले, ग्राउंड पॉवर जोडली, इंजिनं थांबली, की टॉर्च घेऊन फेरी सुरू. नाकापासून निघायचं, उजव्या पंखावरून शेपटीला वळसा घालायचा आणि डाव्या बाजूने परत नाकाशी यायचं. हा क्रम मी कधीच मोडत नाही. क्रम मोडला की काहीतरी बघायचं राहतं.

इंजिनापाशी जास्त वेळ जातो. जीई-९० च्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर, त्याच्या तोंडात मी आरामात उभा राहू शकतो. पाती बावीस, कार्बन कंपोझिटची, आणि कडेला टायटॅनियमची पट्टी. पंखा हाताने हळूहळू फिरवायचा आणि एकेका पात्याच्या कडेवर टॉर्चचा झोत तिरपा धरायचा. सरळ उजेडात ओरखडा दिसत नाही, तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. पावसाळ्यात धावपट्टीच्या आजूबाजूला पाणी साचतं, किडे होतात, त्यांच्यामागे पक्षी येतात. म्हणून पिसाचा तुकडा, रक्ताचा डाग, अगदी नुसता वाससुद्धा शोधायचा. पक्षी आत गेला असेल तर करपल्याचा एक विशिष्ट वास येतो. तो कुठल्याही पुस्तकातून शिकवता येत नाही.

मग चाकं. या विमानाला एकूण चौदा टायर. आत नायट्रोजन, दाब मोटारीच्या टायरच्या सहापटींहून जास्त. ब्रेकवर एक बारीक पिन असते, ब्रेक झिजत जाईल तशी ती आत जाते, आणि ती किती उरली यावर ब्रेकचं आयुष्य कळतं. आज पिना ठीक आहेत, पण डाव्या बाजूच्या एका टायरला काप गेलाय. खोली मोजली, मर्यादेच्या आत आहे. विमान आज जाईल, पण परत आल्यावर हे चाक बदलायचं, असं लिहून ठेवतो.

रात्री ११.३०

केबिनमधल्या तक्रारी फार नाहीत: एक सीट मागे जात नाही, एक दिवा लागत नाही. ही कामं टेक्निशियन मुली माझ्यापेक्षा चपळाईने करतात.

एअर इंडिया म्हटलं की लोकांना महाराजा आठवतो, १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवलेला. साल्वादोर दालीकडून करून घेतलेले ॲशट्रे आठवतात. त्या वैभवाचा मलाही अभिमान आहे. पण माझ्या मनातले जे. आर. डी. टाटा वेगळे आहेत. १९५३ मध्ये कंपनी सरकारी झाल्यावरही १९७८ पर्यंत ते अध्यक्ष राहिले, आणि प्रवासाहून आले की चहाच्या रंगापासून काउंटरवरच्या धुळीपर्यंत सगळ्याची टिपणं पाठवायचे. ज्या अध्यक्षाला धूळ दिसते, त्याच्या विमानाच्या इंजिनातही कुणी डोळेझाक करत नाही, असं मी मानतो.

रात्री १२.१५

इंधन. ७७७ च्या टाक्यांत पूर्ण भरलं तर सुमारे १,८१,००० लिटर मावतं. किती भरायचं ते डिस्पॅच ठरवतं: अंतर, वारा, वजन, पर्यायी विमानतळ, सगळं धरून. माझं काम ते शुद्ध आहे का बघणं. नमुना काचेच्या बरणीत घेऊन दिव्यासमोर धरायचा, मग पाणी ओळखणारी कॅप्सूल लावायची. रंग बदलला तर पाणी आहे. पावसाळ्यात ही चाचणी मी दुसऱ्यावर सोपवत नाही.

कंपनीची सुरुवात झाली त्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एका इंजिनाच्या पुस मॉथमधून निघाले. अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत. दुपारी ते जुहूला उतरले, आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. जुहूचं मैदान पावसात पाण्याखाली जायचं, म्हणून पावसाळ्यात सगळा कारभार पुण्याला हलवायचे. डबे उघडून पेट्रोल ओतणारी ती माणसं कोण होती, याची नोंद कुठं सापडत नाही. पण त्यांनीही ते गाळून, निरखूनच ओतलं असणार.

रात्री १.२०

टेक लॉग समोर. केलेलं प्रत्येक काम लिहायचं, खाली सही, लायसन्स नंबर. ही सही होईपर्यंत कॅप्टन विमान हलवू शकत नाही.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं आमचं ड्रीमलायनर पडलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, जमिनीवरचे १९ गेले. त्यानंतर पुष्कळ रात्री सही करताना पेन थांबायचं. सगळं तपासलेलं असूनही मी टॉर्च घेऊन पुन्हा खाली उतरायचो. कुणी हसलं नाही. इतर बेवरही टॉर्च फिरताना दिसायचे.

रात्री १.५०

पुशबॅक. हेडसेटवर मी, वर कॅप्टन. "ब्रेक सोडले", "ढकलतोय", इंजिन सुरू. टो बार निघाला की पुढच्या चाकाची बायपास पिन काढायची आणि बाजूला जाऊन कॉकपिटला दिसेल अशी तिची लाल पट्टी उंच धरायची. पिन माझ्या हातात आहे, म्हणजे सुकाणू आता तुमच्या ताब्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ. वरून हात हलतो. पावसात अंगठा दाखवून मी मागे सरकतो.

पहाटे ३.००

कटिंग चहा आणि उरलेला वडापाव. आमच्यातले निवृत्त झालेले काका लोक कुवेतमध्ये अडकलेल्यांना आणण्याचा विषय काढला की अजून तासभर बोलतात. १९९० मध्ये ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत अम्मानहून ४८८ उड्डाणं झाली, एक लाख अकरा हजारांहून जास्त भारतीय आणले गेले. केरळचे, गोव्याचे, कोकणातले, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले. विमान उतरायचं, तपासायचं, पुन्हा निघायचं. कुणाची पाळी कधी संपली हे कुणी विचारलं नाही, असं ते सांगतात. माझ्या दृष्टीने या कंपनीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं काम तेच.

पहाटे ४.३०

रात्री मुक्कामाला असलेली ए-३२० पहाटेच्या फेऱ्यांसाठी सोडायची. यांतली काही नोव्हेंबर २०२४ पर्यंत विस्तारा कंपनीची होती. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परतली, रंग बदलले, गणवेश बदलले. ब्रेकची पिन मात्र तशीच मोजायची असते. चार विमानं, चार सह्या.

सकाळी ७.३०

सकाळपाळीचा इंजिनिअर रेनकोट झटकत येतो.

"काय राहिलंय?"

"७७७ परत आलं की डावीकडचं चाक बदल, लॉगमध्ये लिहिलंय. चाकाचं स्टोअरला सांगून ठेवलंय, दुपारपर्यंत येईल. आणि टॉर्क रेंच कॅलिब्रेशनला गेलाय, दुसरा घे, त्याची तारीख बघून घे."

तो वही उघडून माझ्या नोंदीवर बोट ठेवतो आणि कापाची खोली पुन्हा एकदा मोठ्याने वाचतो.