छत, पाकिटं आणि भिंत

रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘फॅमिली मॅटर्स’ (2002) कादंबरीतले नरिमन वकील पार्किन्सन्सने खंगलेले. त्यांना सख्खी मुलगी रॉक्साना हिच्याकडून पुन्हा घरी आणावं लागू नये म्हणून सावत्र मुलगी कूमी छताचं प्लास्टर मुद्दाम फोडून घेते. पुढे त्याच छताच्या दुरुस्तीत तिचा जीव जातो. पण मनात घर करतात ती रॉक्सानाची पाकिटं. महिन्याच्या एकेका खर्चाचं एकेक पाकीट. वडिलांच्या आजारपणात ती रोडावतात, तेव्हा तिचा शाळकरी मुलगा जहांगीर वर्गात लाच घेतो आणि त्यांत गुपचूप नोटा सरकवतो. त्या पोराला दोष द्यायला मन धजत नाही. मिस्त्रींच्याच ‘सच अ लाँग जर्नी’ (1991) कादंबरीत लोक जिथे लघवी करत, ती खोदादाद बिल्डिंगची भिंत सर्वधर्मीय देवादिकांच्या चित्रांनी पवित्र होते. अखेरीस पालिका तीही पाडते.