विश्लेषण : गोव्यात भाड्याची मोटारसायकल घेताना विमा कोणाचा, धोका कोणाचा?

दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या लागल्या की मडगाव आणि थिवी स्थानकांबाहेर भाड्याच्या दुचाकी शोधणाऱ्यांची गर्दी होते. त्यात महाराष्ट्रातून आलेले पर्यटक भरपूर असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘बुलेट आहे का?’ आणि दुसरा ‘दिवसाचे किती?’ असा असतो. गाडी चालवणाऱ्याला विम्याचे संरक्षण आहे का, हे फारसे कोणी विचारत नाही. चार दिवसांच्या सहलीसाठी गाडी निवडताना खरे तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

काळी नंबरप्लेट म्हणजे काय?

स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या दुचाकीला काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७५ खाली केंद्राने १९९७ मध्ये ‘रेंट अ मोटारसायकल’ योजना आणली. त्यानुसार परवाना घेतलेल्या व्यावसायिकालाच दुचाकी भाड्याने देता येते. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी वापराची असते आणि ती भाड्याने देणे बेकायदा ठरते. गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलीही दिसतात. ते ‘पायलट’, म्हणजे मागे बसवून नेणारे टॅक्सीवाले. त्यांची गाडी चालवायला मिळत नाही.

हंगामात काळ्या प्लेटच्या गाड्या लवकर संपतात. मग ‘मित्राची गाडी आहे, शंभर रुपये कमी द्या, पोलिसांनी विचारले तर ओळखीच्याची आहे म्हणून सांगा’ असा प्रस्ताव येतो. पकडले गेल्यास होणारा दंड हा त्यातला लहान धोका आहे.

अपघात झाल्यास विमा कोणाला मिळतो?

खासगी दुचाकीच्या विमा पॉलिसीत गाडीच्या वापराच्या अटी लिहिलेल्या असतात. भाडे घेऊन केलेला वापर त्यात वगळलेला असतो. पांढऱ्या प्लेटच्या गाडीने रस्त्यावरच्या कोणाला धडक बसली, तर अटींचा भंग झाल्याचा बचाव विमा कंपनी घेऊ शकते. अशा प्रकरणांत न्यायालये अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायला सांगतात. चालवणाराही या दायित्वातून सुटत नाही.

काळी प्लेट आणि चालू विमा असला तरी प्रश्न संपत नाही. प्रत्येक वाहनाला सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा हा तिसऱ्या व्यक्तीसाठी असतो. चालवणाऱ्याचा समावेश त्यात होत नाही. सोबत १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण ते ‘मालक-चालक’ यासाठी, म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे त्याच्यासाठी. गाडी भाड्याने घेणारा मालक नसतो.

याची झळ कशी बसते, हे सर्वोच्च न्यायालयात २००९ मध्ये निकाली निघालेल्या कर्नाटकातील एका प्रकरणातून दिसते. एका व्यक्तीने ओळखीच्याची मोटारसायकल मागून घेतली होती. महामार्गावर पुढे लोखंडी पत्रे वाहून नेणारी बैलगाडी अचानक थांबली, मोटारसायकल तिच्यावर आदळली आणि चालवणाऱ्याचा मृत्यू झाला. दोष कोणाचा हे सिद्ध न करता भरपाई मागता येणाऱ्या तेव्हाच्या कलम १६३अ खाली वारसांनी दावा केला. गाडी उसनी घेणारा मालकाच्या जागी येतो, त्यामुळे त्याच्या वारसांना या कलमाखाली मालकाच्याच विमा कंपनीकडे भरपाई मागता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ती गाडी उसनी होती, भाड्याची नव्हती. तरीही दुसऱ्याच्या गाडीवर बसणाऱ्याने स्वतःला तिसरी व्यक्ती समजू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

मागे बसणाऱ्याचे काय? पॉलिसी केवळ थर्ड पार्टीची असेल, तर मागच्या सहप्रवाशाची जोखीम तिच्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसीत सहप्रवाशाला संरक्षण मिळते. त्यामुळे व्यावसायिकाला ‘इन्शुरन्स आहे ना?’ असे विचारून भागत नाही, कारण उत्तर ‘आहे’ असेच येणार. पॉलिसी पॅकेज आहे की केवळ थर्ड पार्टी, हे कागदावर पाहावे. स्वतःसाठी वैयक्तिक अपघात विमा आधीच घेतलेला असावा. त्यात दुचाकी चालवताना झालेला अपघात वगळलेला नाही ना, हे घरूनच वाचून निघावे.

लायसन्स कोणते लागते?

लायसन्सवर ‘एमसीडब्ल्यूओजी’ असेल, तर परवानगी फक्त गिअर नसलेल्या दुचाकीची आहे. शहरात स्कूटरच चालवणाऱ्या अनेकांचे लायसन्स असेच असते आणि सुट्टीत पहिल्यांदा बुलेटवर बसताना ते कोणाला आठवत नाही. गिअरच्या मोटारसायकलीला ‘एमसीडब्ल्यूजी’ लागते. ते नसेल तर कायद्याने विनालायसन्स चालवल्यासारखेच, म्हणजे ५ हजार रुपये दंड. विमा कंपनीच्या हाती आयता मुद्दा जातो तो वेगळाच.

मग गाडी कोणती घ्यावी?

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण लांबी साधारण १०५ किलोमीटर आहे. पणजीहून पाळोळे सत्तरेक किलोमीटरवर येते. ११० सीसीच्या अ‍ॅक्टिवाच्या टाकीत ५.३ लिटर पेट्रोल बसते. लिटरला ४० किलोमीटर धरले तरी दोनशे किलोमीटर होतात. मोठी टाकी, मोठे इंजिन, दिवसभर ऐंशीच्या वेगाने पळण्याची क्षमता यांची इथे फारशी गरज पडत नाही.

वजनाचा विचार मात्र करावा लागतो. अ‍ॅक्टिवा १०६ किलोची, क्लासिक ३५० ही १९५ किलोची. गाडी धावत असताना हा फरक जाणवत नाही. शापोरा किल्ल्याच्या पायथ्याशी उतारावर ती वळवताना, होमस्टेच्या वाळूच्या अंगणातून मागे ढकलताना किंवा फेरीबोटीतून ओल्या धक्क्यावर उतरताना तो कळतो. समुद्रकिनाऱ्याजवळच्या रस्त्यांवर वाऱ्याने आलेली वाळू डांबरावर पसरलेली असते आणि वळणावर पुढचा ब्रेक दाबला की जड गाडी सावरत नाही. सीटची उंचीही पाहावी. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर, हंटर ३५० ची ७९०, मिटीअर ३५० ची ७६५, तर अ‍ॅव्हेंजरची ७३७ मिलिमीटरवर असते. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकत नसतील, तर मागे माणूस आणि पाठीवर सॅक घेऊन ती गाडी सांभाळणे कठीण जाते.

म्हणून स्कूटरच घ्यावी, असेही नाही. अ‍ॅक्टिवाचे पुढचे चाक १२ इंची, मागचे १० इंची. क्लासिकची चाके १९ आणि १८ इंची. खड्ड्यात लहान चाक जास्त आपटते. पणजी, म्हापसा, कळंगुट एवढाच बेत असेल तर स्कूटरइतकी सोयीची गाडी नाही. पाय ठेवायच्या जागेत पिशवी राहते, डिकीत ओले कपडे मावतात. पण मडगावहून काणकोणला जाताना लागणारा करमल घाट किंवा बेतूलहून काब द रामामार्गे आगोंदला जाणारा चढउताराचा वळणदार रस्ता दोघांनी सामानासह करायचा असेल, तर ११० सीसीची दमछाक होते. आमच्या मते दोघांच्या दक्षिण गोवा फेरीला १५० ते १६० सीसीची एबीएस असलेली मोटारसायकल पुरेशी आहे. गिअरची सवय नसेल तर १२५ सीसीची स्कूटर बरी. साडेतीनशे सीसी त्यांनीच घ्यावी, जे घरी रोज तसली गाडी चालवतात. फोटोसाठी बुलेट हवीच असेल, तर एका सकाळपुरती घ्यावी.

१२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. त्याआधीची गाडी असेल तर एबीएस नसूही शकते, त्यामुळे आरसीवरचे साल पाहावे.

गोव्याबाहेर नेता येते का?

बहुतेक भाडेकरार गोव्याच्या हद्दीपुरतेच असतात. सावंतवाडी किंवा आंबोलीला जाऊन येण्याचा बेत असेल, तर तशी लेखी परवानगी घ्यावी लागते. तोंडी ‘जाऊन या’ नाक्यावर चालत नाही. साखळीहून चोर्ला घाटात जाणारा रस्ता अंजुणे धरणाजवळून चढत राज्याची हद्द ओलांडतो, तिथे धरण पाहून परतावे. तेरेखोलचा किल्ला गोव्यातच असला तरी नदीच्या पलीकडे आहे. केरीहून फेरीबोटीने गेल्यास हद्द ओलांडावी लागत नाही, आरोंद्याच्या पुलावरून गेल्यास मात्र महाराष्ट्रातून जावे लागते. नकाशात नुसते ‘केरी’ टाकू नये. फेरीचे केरी पेडण्यात आहे, चोर्ल्याच्या पायथ्याचे सत्तरीत आणि आणखी एक फोंड्यात.

गाडी ताब्यात घेताना काय पाहावे?

पैसे देण्याआधी एमपरिवहन अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकावा. वाहनाचा प्रकार, विम्याची मुदत आणि पीयूसी तिथे दिसते. टायरच्या खाचांतले छोटे उंचवटे टायरच्या पृष्ठभागाला लागले असतील, तर दुसरी गाडी मागावी. साइड स्टँडची स्प्रिंग ढिली नाही ना, चेन लोंबत नाही ना, मागचा दिवा दोन्ही ब्रेकवर लागतो का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. मग पाचशे मीटर चालवून पाहावे. ब्रेक लावताना हँडल एका बाजूला ओढत असेल, तर ‘सवय होईल’ हे उत्तर मान्य करू नये.

हेल्मेट दोन घ्यावीत, आयएसआय चिन्हाची. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते सक्तीचे आहे. नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकते. भाड्याच्या दुकानातली हेल्मेट बहुधा सैल असतात आणि त्यांची पट्टी तुटलेली असते, म्हणून घरचे नेणे उत्तम.

मूळ आधार कार्ड अनामत म्हणून ठेवू नये. शेवटचे चारच अंक दिसणाऱ्या ‘मास्क्ड आधार’ची प्रत द्यावी. चलन मालकाच्या मोबाइलवर जाते, त्यामुळे अनामत रक्कम थोडी रोखून धरण्याची त्याची मागणी समजण्यासारखी आहे. किती आणि किती दिवस, हे मात्र पावतीवर लिहून घ्यावे. जुने ओरखडे, किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा यांचा व्हिडिओ मालकासमोरच काढावा. पेट्रोल बहुधा जेमतेम पहिल्या पंपापर्यंत पुरेल एवढेच असते.