ब्रिटिश मोटारसायकलींचे कार्ब्युरेटर : धातूंची निवड आणि टिकाऊपणा

विंटेज ब्रिटिश मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर किती टिकेल, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : बॉडी कोणत्या धातूची आहे, तिच्यात वर-खाली सरकणारी स्लाइड कोणत्या धातूची आहे आणि टाकीत कोणते पेट्रोल पडते. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, रॉयल एनफील्ड अशा बहुतेक गाड्यांवर बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीचा कार्ब्युरेटर असे. अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे तीन उत्पादक १९२०च्या दशकाच्या अखेरीस एकत्र येऊन ही कंपनी झाली. ट्रायम्फ थंडरबर्डवर १९५२पासून काही वर्षे एसयू कार्ब्युरेटर होता. पण असे अपवाद थोडे. त्यामुळे या गाड्यांच्या कार्ब्युरेटरचा आढावा हा बव्हंशी अमलचाच आढावा ठरतो.

पितळेकडून जस्ताकडे

सुरुवातीच्या कार्ब्युरेटरच्या बॉडी पितळ किंवा ब्राँझच्या ओतीव असत. त्या गंजत नसत आणि झिजतही सावकाश. मात्र वजनदार होत्या आणि प्रत्येक भोक, प्रत्येक आटा लेथवर किंवा ड्रिलवर काढावा लागे. पुढे जस्ताचे मिश्रधातू आले. ब्रिटनमध्ये ‘मॅझॅक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मिश्रधातूत जस्ताबरोबर सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि अगदी थोडे मॅग्नेशियम असते. तो साधारण ३८५ अंश सेल्सिअसला वितळतो. इतक्या कमी तापमानामुळे पोलादी साचे दीर्घकाळ टिकतात आणि पातळ भिंतींचे, बारीक वाटांचे सुटे भाग साच्यातून जवळजवळ तयारच बाहेर पडतात. १९५०च्या दशकाच्या मध्यावर आलेला मोनोब्लॉक आणि १९६७च्या सुमारास आलेला काँसेंट्रिक हे अमलचे दोन्ही कार्ब्युरेटर याच धातूत ओतले गेले. मोनोब्लॉकमध्ये फ्लोट चेंबर बॉडीच्या बाजूला एकसंध ओतलेले असते, तर काँसेंट्रिकमध्ये ते जेटच्या बरोबर खाली येते.

जस्ताच्या ओतकामाचा एक जुना रोग आहे. धातूत शिसे, कथील किंवा कॅडमियमचा अंश राहिला, तर वर्षानुवर्षांच्या दमट हवेत कणांच्या सीमांवरून आतल्या आत गंज पसरतो. तुकडा फुगतो, वाकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरणे हा त्यावरचा उपाय. म्हणून महायुद्धापूर्वीची एखादी जस्ती बॉडी विकत घेताना तिच्यावर बारीक भेगांचे जाळे किंवा फुगवटा दिसला, तर ती दुरुस्तीच्या पलीकडे गेली असे समजावे. अशा बॉडीत नवे जेट बसवून पैसे वाया घालवू नयेत.

स्लाइड आणि बोअर

कार्ब्युरेटरमध्ये सर्वांत आधी झिजते ती स्लाइड आणि तिचा बोअर. इंजिनाची ओढ स्लाइडला दर फेरीला सिलिंडरच्या बाजूला दाबते, सोडते, पुन्हा दाबते. सिंगल सिलिंडर गाडीत हे ठोके फारच जोरदार असतात. त्यातच स्लाइड आणि बॉडी दोन्ही मॅझॅकची असली, तर एकाच मऊ धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून खरवडले जातात. काँसेंट्रिकच्या मूळ रचनेची ही ठळक उणीव. झीज वाढली की स्लाइडच्या कडेने जास्तीची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि गाडी आयडलिंगला कधी भरभर तर कधी बंद पडायच्या बेतात चालते. स्क्रू कितीही फिरवला तरी ती एका रेसवर स्थिर होत नाही.

झीज तपासणे सोपे आहे. कार्ब्युरेटर काढून स्लाइड पूर्ण खाली बसवावी आणि बोटाने पुढे-मागे हलवावी. खट्-खट् आवाज येत असेल आणि स्लाइडच्या इंजिनाकडच्या बाजूवर चकचकीत, सपाट पट्टा दिसत असेल, तर जोडी बदलायची वेळ झाली आहे.

त्यावर तीन पर्याय रूढ आहेत. पहिला, क्रोम मुलामा दिलेली पितळी स्लाइड. ती कठीण आणि गुळगुळीत असते, पण पितळेची घनता सुमारे ८.५ आणि मॅझॅकची ६.७ असल्याने ती जड पडते. दुसरा, हार्ड ॲनोडाइझ केलेली ॲल्युमिनियमची स्लाइड. तिची घनता जेमतेम २.७, पृष्ठभागावर कठीण ऑक्साइडचा थर असतो, ती हलकी असल्याने थ्रॉटल सोडताच चटकन खाली येते आणि कंपनात बॉडीवर कमी आपटते. तिसरा, बॉडीचा बोअर वाढवून त्यात पितळी स्लीव्ह बसवणे. दुर्मीळ कार्ब्युरेटर वाचवायचा असेल तर हा मार्ग योग्य, पण त्यासाठी हातात माप असलेला टर्नर हवा.

जोडी निवडताना उष्णतेने होणारे प्रसरणही पाहावे लागते. दर अंशाला मॅझॅक मीटरमागे सुमारे २७ मायक्रॉन वाढतो, ॲल्युमिनियम २३च्या आसपास आणि पितळ १९ ते २०. साधारण २८ मिलिमीटर व्यासाची पितळी स्लाइड मॅझॅकच्या बॉडीत ५० अंशांनी तापली, तर दोघांतली फट सुमारे ०.०१ मिलिमीटरने वाढते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत त्याच्या जवळपास निम्मीच. उलट, ॲल्युमिनियमच्या बॉडीत मॅझॅकची स्लाइड घट्ट बसवली तर ती गरम झाल्यावर अडकू शकते, आणि थ्रॉटल उघडा असताना अडकलेली स्लाइड जिवावर बेतते.

फ्लँज, जेट आणि फ्लोट

मॅझॅक मऊ असल्याने फ्लँजचे नट जोर लावून आवळले की दोन्ही कान इंजिनाकडे ओढले जातात, मधला भाग कमानीसारखा उचलला जातो आणि तिथून हवा गळते. तसे झाले असेल तर काचेच्या जाड तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सपाट करावा, चांगली ओ-रिंग वापरावी आणि नट आलटून-पालटून, माफक जोरानेच आवळावेत. सिलिंडर हेडची उष्णता अडवण्यासाठी मध्ये टफनॉलचा, म्हणजे कापड किंवा कागद आणि फिनॉलिक रेझिन यांचा, स्पेसर घालतात. तोही सपाटच हवा.

जेट पितळेचे असतात आणि पितळेचेच असावेत. ते अचूक कापता येते आणि पेट्रोलला दाद देत नाही. नीडल मात्र कंपनाने नीडल जेटच्या तोंडावर घासत राहते आणि गोल भोक लंबगोल होते. मधल्या रेसवर गाडी विनाकारण जास्त पेट्रोल पिऊ लागली, तर नीडल आणि नीडल जेट दोन्ही एकत्र बदलावेत. काँसेंट्रिकच्या पायलट जेटचे भोक ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते आणि अनेक बॉडींत ते दाबून बसवलेले, न निघणारे असते. तिथला कचरा पोलादी तारेने खरवडल्यास भोक मोठे होते.

जुने पितळी फ्लोट डागाच्या जोडावर गळतात, आत पेट्रोल शिरते आणि फ्लोट बुडतो. नव्या पोकळी नसलेल्या प्लास्टिकच्या फ्लोटमध्ये हा धोका नाही. फ्लोट नीडलच्या टोकाला व्हिटॉन रबर असलेले बरे.

इथेनॉलचे पेट्रोल

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल नेहमीचे झाले. भारतात प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. ओल्या मिश्रणात जस्त आणि पितळ शेजारी आले की जस्ताचा बळी जातो : जेट शाबूत राहतो, पण त्याच्या भोवतीचे आटे पांढऱ्या भुकटीत बदलतात. साधे रबर फुगते, कॉर्क सैल होतो. म्हणून गॅस्केट, पाइप आणि ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामे करावे. साफसफाईत व्हिनेगरसारखे आम्ल किंवा कॉस्टिकसारखा अल्कली वापरू नये. जस्त दोन्हींत विरघळते.

निवडीचा सारांश

आज अमलच्या नव्या प्रीमियर मालिकेत हार्ड ॲनोडाइझ केलेली स्लाइड आणि काढता येणारा पायलट जेट मिळतो. रोज चालवायच्या गाडीसाठी हाच सर्वांत टिकाऊ पर्याय. प्रदर्शनात ठेवायच्या गाडीवर मूळ मॅझॅक बॉडी ठेवावी, पण स्लाइड ॲनोडाइझ केलेली घालावी. बाहेरून फरक दिसत नाही आणि बॉडीचे आयुष्य वाढते. बॉडी फुगली किंवा भेगाळली असेल तर ती बदलावी. कोणताही पर्याय निवडला तरी एकाच मऊ धातूचे दोन भाग एकमेकांवर घासू देऊ नयेत आणि इथेनॉलचे पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये साचू देऊ नये.