झाकली मूठ आणि अण्वस्त्रांचा हिशेब

बँकेच्या नोकरीत काही वर्षे सोनेतारण कर्जाचे काम माझ्याकडे होते. ग्राहकाने आणलेला दागिना सराफ कसोटीवर घासून पाही, वजन करी आणि मगच पाकिटाला लाखेची मोहोर लागे. त्याच इमारतीच्या तळघरात लॉकर होते. तेथील नियम नेमका उलटा. आत काय आहे ते बँकेने पाहायचे नाही, विचारायचेही नाही. आता अशी कल्पना करा, की एखादा ग्राहक म्हणतो, ‘लॉकरमधले सोने तारण घ्या, मात्र लॉकर उघडायचा नाही, वजन करायचे नाही, घडण पाहायची नाही.’ कोणताही शहाणा अधिकारी त्याला नमस्कार करून वाटेला लावील. अण्वस्त्रे घटवू पाहणाऱ्या राष्ट्रांपुढे मात्र हाच पेच कित्येक दशके उभा आहे, आणि तो सोडविण्यासाठी अमेरिकेतील विद्यापीठांत काही तरुणांनी आपली पीएच.डी.ची वर्षे वेचली आहेत.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी १९८७ साली मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला. त्यानुसार २,६९२ क्षेपणास्त्रे निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत नष्ट झाली. पण त्यांच्या टोकावरचा अण्वस्त्राचा गाभा आधी काढून ज्याचा त्याला परत नेता येत होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. बैलगाडी मोडली, माल गोदामात सुखरूप! पुढच्या करारांतही मोजदाद झाली ती मुख्यतः क्षेपणास्त्रे, विमाने आणि त्यांवर बसविलेल्या शस्त्रांची. जगात आज सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. त्यांपैकी एखादे मोडीत काढले असे कोणी म्हटले, तर मोडलेली वस्तू खरे अण्वस्त्रच होती हे ठरवायचे कसे? खोटे नग मोडून खरे कोठारात ठेवले तर?

मोजणे अशक्य आहे असे नाही. युरेनियम आणि प्लुटोनियम यांतून गॅमा किरण बाहेर पडतात, प्लुटोनियममधून न्यूट्रॉनही, आणि प्रत्येक समस्थानिकाच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरावीक असते. जुलै १९८९मध्ये काळ्या समुद्रात याल्टाजवळ ‘स्लावा’ या सोव्हिएत युद्धनौकेवर अमेरिकी शास्त्रज्ञांनी जर्मेनियमचा संवेदक नेला आणि क्षेपणास्त्राच्या नळीबाहेरून मापन केले. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून न्यूट्रॉन टिपले. आत अण्वस्त्र आहे हे निर्विवाद ठरले. (पुढे ‘मोस्क्वा’ नाव मिळालेली हीच नौका एप्रिल २०२२मध्ये त्याच समुद्रात बुडाली.) मात्र आलेखाने विचारले त्याहून अधिक सांगून टाकले. त्यात युरेनियम-२३२चा माग होता. म्हणजे ते युरेनियम पूर्वी अणुभट्टीतून जाऊन आले होते. एवढ्याशा मापनातून एवढी माहिती मिळते, तर बारकाईने मोजल्यास शस्त्राची रचनाच उघडी पडेल. ती प्रतिस्पर्ध्याला कळणे धोक्याचे, आणि तिसऱ्या एखाद्या देशाच्या हाती लागणे त्याहून धोक्याचे.

मग यंत्राने मोजावे आणि केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगावे, असा तोडगा निघाला. ब्रिटन आणि नॉर्वे यांनी २००७पासून अशा यंत्रावर एकत्र काम केले. अडचण व्यापाऱ्यांना सांगायला नको: तराजू कोणाचा? विकणाऱ्याचा असेल तर घेणाऱ्याला शंका, घेणाऱ्याचा असेल तर विकणाऱ्याला.

२०१४मध्ये प्रिन्स्टनमधील अलेक्झांडर ग्लेझर, रॉबर्ट गोल्डस्टन आणि संगणकशास्त्रज्ञ बोआझ बराक यांनी ‘नेचर’मध्ये वेगळी वाट मांडली. ती मी नाण्यांच्या रूपात सांगतो. एका पेढीवर दोन झाकलेल्या वाट्या आहेत. दोन्हींत सारखीच नाणी आहेत असे मालक म्हणतो, पण किती ते सांगत नाही. शंभराला जितकी कमी, तितकी नाणी तो आधीच दोन बंद थैल्यांत घालून ठेवतो. कोणती वाटी कोणत्या थैलीत रिकामी करायची हे तपासनीस आयत्या वेळी ठरवतो. दोन्ही थैल्यांत शंभर भरली, तर वाट्या सारख्या. वाटीत किती होती हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. मालकाने लबाडी करून थैल्या कमीअधिक भरल्या, तर तो निसटण्याची शक्यता निम्मी. दहा वेळा असेच केले, तर हजारात एकाहूनही कमी.

वाटीच्या जागी अण्वस्त्र घ्या आणि नाण्यांच्या जागी न्यूट्रॉन. शस्त्रातून आरपार गेलेले न्यूट्रॉन ज्या संवेदकांवर पडायचे, त्यांत शस्त्राच्या छायेची उलट आकृती आधीच भरलेली असते. शस्त्र खरे असेल, तर सर्वत्र बेरीज सारखी येते आणि आकृती पुसली जाते. सेबास्तियन फिलिप यांनी पीएच.डी. करीत असताना सहकाऱ्यांसह २०१६मध्ये हे करून दाखवले. वस्तू होत्या पोलाद आणि अॅल्युमिनियमचे ठोकळे, आणि संवेदक होते जेलमध्ये सूक्ष्म थेंब असलेल्या नळ्या. न्यूट्रॉन आदळला की थेंबाचा बुडबुडा होतो, बुडबुडे मोजायचे. आत विजेचे मंडलच नाही, त्यामुळे त्यात कोणी फेरफार केला असेल ही धास्तीही नाही. मला स्वतःला ही नळी त्या सगळ्या गणिताहून अधिक आवडली.

ठोकळ्याचा आकार जुळला, तरी धातू तोच आहे का? एमआयटीमध्ये अरेग दानागुलियान यांच्या मार्गदर्शनाखाली जेसन वावरेक यांनी पीएच.डी.साठी हा प्रश्न घेतला. प्रखर क्ष-किरणांसारखा झोत वस्तूतून जाताना प्रत्येक समस्थानिक आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण शोषून घेतो. उरलेला झोत एका पत्र्यावर पडतो. त्या पत्र्यातील धातूंचे प्रमाण केवळ शस्त्राच्या मालकाला ठाऊक असते. म्हणून संवेदकावर उमटते ते जणू सांकेतिक लिपीत. तपासनीस दोन वस्तूंच्या नोंदी ताडून पाहू शकतो, मूळ मजकूर वाचू शकत नाही. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात युरेनियम काढून शिसे घातलेली बनावट वस्तू वेगळी ओळखता आली. अर्थात हे युरेनियम निःसत्त्व होते. खरे शस्त्र प्रयोगशाळेत कोण देणार?

या सर्व पद्धती तुलनेच्या आहेत, आणि तेथेच अडते. कसोटीला लावायचा पहिला नग अस्सल आहे, हे कोण सांगणार? त्यावरचा उपाय आमच्या अचानक तपासणीसारखा आहे: निरीक्षकाने पूर्वसूचनेशिवाय तळावर जावे आणि तैनात क्षेपणास्त्रावरचे एखादे शस्त्र स्वतः निवडावे. मग ते तळापासून तपासणीच्या खोलीपर्यंत न बदलता पोहोचले पाहिजे. बनावट करता येणार नाही अशा मोहोरेवरही संशोधन चालू आहे. आणि त्या मोहोरेला लाख चालत नाही.